बर्फावरची बंदूक : बायथलॉनच्या रायफलीची गोष्ट (थ्रेड)

१/
फेब्रुवारी १९६०. कॅलिफोर्नियातील स्क्वॉ व्हॅली येथे हिवाळी ऑलिम्पिक भरले होते आणि बायथलॉन हा खेळ त्यात प्रथमच अवतरला होता. २० किलोमीटरची स्की-दौड, वाटेत चार ठिकाणी मिळून २० गोळ्या आणि चुकलेल्या प्रत्येक गोळीमागे दोन मिनिटांचा दंड, असे त्याचे स्वरूप. फ्रान्सचा व्हिक्टर आर्बेझ त्या दिवशी बर्फावर सर्वांत वेगाने धावला. त्याच्या २० पैकी १८ गोळ्या मात्र वाया गेल्या.

२/
सुवर्णपदक मिळाले स्वीडनच्या क्लास लेस्टांडरला. निव्वळ धावण्याच्या वेळेत तो पंधरावा होता, आर्बेझपेक्षा सात मिनिटांहून अधिक मागे. पण त्याच्या २० च्या २० गोळ्या अचूक लागल्या. या निकालाची चर्चा करताना दोघांच्या पाठीवरच्या वस्तूकडे सहसा कोणी पाहत नाही. ती लष्करी ताकदीचे काडतूस झाडणारी रायफल होती. आज त्याच खेळात वापरली जाणारी रायफल तिच्या तुलनेत अगदी सौम्य आहे. हा बदल कसा घडला आणि त्याने काय साधले, त्याची ही हकिगत.

३/
या खेळाचे मूळ स्कँडिनेव्हियाच्या सरहद्दीवर आहे. नॉर्वे आणि स्वीडन यांच्या सीमेवर पहारा देणाऱ्या स्की-तुकड्यांमध्ये १७६७ साली स्पर्धा झाल्याची नोंद मिळते. वर्षातील कित्येक महिने बर्फाखाली राहणाऱ्या त्या मुलखात स्की हेच सैनिकाचे वाहन होते. सह्याद्रीतल्या मावळ्याला जसा घाट चढता येणे ओघानेच आले, तसे तिथल्या पहारेकऱ्याला घसरत जाऊन, थांबून, नेम धरता येणे. स्पर्धा ही त्या कसबाची परीक्षा होती.

४/
पुढे १८६१ मध्ये नॉर्वेतील त्रिसिल येथे स्की आणि रायफल यांचा एकत्रित क्लब स्थापन झाला. म्हणजे बर्फावरची नेमबाजी लष्कराच्या छावणीतून गावात आली. पण हत्यार सैनिकाचेच राहिले. १८९० च्या दशकात नॉर्वेने क्राग-यॉर्गेन्सन रायफल स्वीकारली, तर स्वीडनने माउझर. दोन्ही देश तेव्हा एकाच राजाच्या छत्राखाली होते आणि दोन्ही रायफलींसाठी ६.५ मिलिमीटरचे एकच काडतूस ठरवण्यात आले होते. १९०५ मध्ये राजकीय फारकत झाली, तरी काडतूस समाईकच उरले.

५/
१९२४ साली फ्रान्समधील शामोनी येथे पहिले हिवाळी ऑलिम्पिक झाले. तिथे ‘लष्करी गस्त’ नावाची स्पर्धा होती. प्रत्येक देशाचे चार सैनिक, पाठीवर सामान, खांद्याला रायफली. या प्रकाराच्या रूढ नियमांत चौघांमध्ये एक अधिकारी असे. त्याच्याकडे पिस्तूल असे आणि गोळ्या झाडण्याचे काम बाकीच्यांचे असे. हुद्द्यांची उतरंड खेळातही जशीच्या तशी उतरली होती. शामोनीत सहा संघ उतरले, त्यांपैकी दोघांना शर्यत पूर्ण करता आली नाही. स्वित्झर्लंड जिंकले.

६/
१९२८, १९३६ आणि १९४८ साली ही गस्त केवळ प्रदर्शनीय स्पर्धा म्हणून ठेवण्यात आली. दरम्यान बर्फावरची बंदूक खऱ्या युद्धात उतरली होती. नोव्हेंबर १९३९ ते मार्च १९४० या काळात फिनलंडच्या स्कीवरील तुकड्यांनी सोव्हिएत फौजांना जंगलातल्या वाटांवर अडवून धरले. शामोनीत ज्या कसबाला टाळ्या मिळाल्या होत्या, त्याच कसबाने कॅरेलियाच्या बर्फात माणसे मारली जात होती.

७/
दोन महायुद्धे पाहिलेल्या जगाला गणवेशातली शर्यत फारशी रुचली नाही. १९४८ नंतर लष्करी गस्त ऑलिम्पिकमधून गेली. तिचा गाभा वाचवला तो आधुनिक पेंटॅथलॉनच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने. संघाऐवजी एकटा खेळाडू, हुद्द्यांचा लवलेश नाही, स्की आणि रायफल एवढेच दोन घटक. ‘बाय’ म्हणजे दोन आणि ‘अ‍ॅथलॉन’ म्हणजे स्पर्धा, यांवरून बायथलॉन. पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९५८ मध्ये ऑस्ट्रियातील साल्फेल्डेन येथे झाली.

८/
नाव बदलले, नियम बदलले, पण बंदूक बदलली नाही. या काळातील बायथलॉनमध्ये ७.६२ मिलिमीटर वर्गातील ‘सेंटरफायर’ काडतुसे वापरली जात. सेंटरफायर म्हणजे ज्याच्या बुडाच्या मध्यभागी स्फोटक टोपी बसवलेली असते, ते काडतूस. अशी गोळी ध्वनीच्या दुपटीहून अधिक वेगाने निघते आणि लक्ष्य चुकल्यास कित्येक किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. खेळाडू ही काडतुसे कमरेच्या पट्ट्यात खोचून धावत असे.

९/
परिणाम मैदानावर दिसत. स्क्वॉ व्हॅलीत १००, १५०, २०० आणि २५० मीटर अशा चार वेगवेगळ्या अंतरांवरून नेम धरायचा होता आणि त्यासाठी मार्गावर चार स्वतंत्र गोळीबार-पट्टे होते. प्रत्येक पट्ट्यामागे गोळी अडवणारा डोंगर किंवा निर्मनुष्य मुलूख हवा. असे मैदान एखाद्या गावाला, शाळेला, साध्या क्रीडामंडळाला कुठून परवडणार? लष्कराला मात्र ते सहज उपलब्ध होते.

१०/
प्रेक्षकांची अवस्था त्याहून बिकट. लक्ष्य कागदी होते. २५० मीटरवरच्या कागदाला छिद्र पडले की नाही, हे उघड्या डोळ्यांना कळत नाही. पुढे कागदावर दोन वर्तुळे आली : आतल्या वर्तुळात गोळी लागली तर दंड नाही, बाहेरच्या वर्तुळात लागली तर एक मिनिट, दोन्ही चुकली तर दोन मिनिटे. कागद तपासून हिशेब लागेपर्यंत कोण जिंकले याचा अंदाज बांधणेच हाती. शर्यत डोळ्यांसमोर घडत होती, तिचा निकाल मात्र कागदावर लागत होता.

११/
पहिली दुरुस्ती १९६६ मध्ये झाली. रिले शर्यतीची भर पडली आणि सर्व लक्ष्ये १५० मीटरवर आणण्यात आली. १९६८ च्या ग्रेनोब्ल ऑलिम्पिकमध्ये रिलेला स्थान मिळाले. सोव्हिएत संघाने ती जिंकली आणि त्या संघातला अलेक्सांद्र तिखोनोव्ह पुढे १९८० पर्यंत सलग चार ऑलिम्पिकमध्ये रिलेचे सुवर्ण घेऊन गेला. अंतर कमी झाले होते, पण मोठ्या काडतुसाची रायफल कायम होती. खेळाडूंमध्ये सैनिक, सीमारक्षक आणि जकात-पोलीस यांचाच भरणा राहिला.

१२/
खरे वळण १९७८ चे. त्या वर्षापासून मोठे काडतूस बाद झाले आणि आपल्याकडचे नेमबाज ज्याला ‘पॉइंट टू-टू’ म्हणतात ते .२२ लाँग रायफल काडतूस सर्वांना बंधनकारक झाले. हे काडतूस काही नवे नव्हते. १८८७ पासून ते अमेरिकेत तयार होत होते. ते ‘रिमफायर’ प्रकारातले आहे, म्हणजे स्फोटक द्रव्य बुडाच्या कडेत भरलेले असते आणि आघात कडेवर होतो. बनवायला सोपे, किमतीला स्वस्त, धक्का नगण्य.

१३/
आकडे पाहिले की फरक लक्षात येतो. बायथलॉनमधली शिशाची गोळी सुमारे २.६ ग्रॅमची असते आणि ती ध्वनीच्या वेगाच्या आसपास किंवा किंचित खाली राहते. तिची ऊर्जा ७.६२ मिलिमीटरच्या लष्करी गोळीच्या विसाव्या हिश्श्याहूनही कमी भरते. रणांगणाच्या हिशेबाने हे शस्त्राचे अवमूल्यन होते. खेळाच्या हिशेबाने ती मुक्ती ठरली.

१४/
लक्ष्याचे अंतर आता ५० मीटर झाले. चार दिशांना विखुरलेले पट्टे एका ठिकाणी गोळा झाले आणि त्यांच्यासमोर प्रेक्षकांची गॅलरी उभी राहू शकली. अंतर घटले म्हणून नेम सोपा झाला असे समजू नये, कारण लक्ष्यही त्याच बेताने लहान केले गेले. पालथे पडून झाडताना लक्ष्याचा व्यास ४५ मिलिमीटर, म्हणजे जेमतेम गोल्फच्या चेंडूएवढा. उभ्याने झाडताना ११५ मिलिमीटर, म्हणजे साधारण चहाच्या बशीएवढा.

१५/
दोनच वर्षांनी, १९८० च्या लेक प्लॅसिड ऑलिम्पिकमध्ये, कागदही गेला. त्याच्या जागी आले यांत्रिक लक्ष्य : ओळीने पाच काळी वर्तुळे, गोळी लागताच काळ्याचे पांढरे होणारी. पोलादी लक्ष्य इतक्या जवळून वर्षानुवर्षे झेलू शकेल अशी गोळी शिशाची आणि मंद असावी लागते. छोट्या काडतुसाशिवाय ही सोय व्यवहार्य झाली नसती. त्या ऑलिम्पिकमध्ये सोव्हिएत संघाच्या अनातोली अल्याब्येव्हने २० पैकी २० वर्तुळे पांढरी करून २० किलोमीटरची शर्यत जिंकली आणि ते दृश्य प्रेक्षकांना जागच्या जागी दिसले.

१६/
आता प्रश्न होता उत्तम छोट्या रायफलीचा. इथे आन्शुट्झ या जर्मन घराण्याचे नाव येते. यूलियस गोटफ्रीड आन्शुट्झ यांनी १८५६ मध्ये थुरिंगियात, आजच्या झेला-मेलिस येथे कारखाना काढला. दुसऱ्या महायुद्धानंतर तो प्रदेश सोव्हिएत ताब्यात गेला आणि कारखाना मोडीत निघाला. १९५० मध्ये कुटुंबाने पश्चिम जर्मनीतील उल्म येथे नव्याने सुरुवात केली. लक्ष्यभेदाच्या छोट्या रायफली हीच त्यांची ओळख झाली आणि बायथलॉनच्या जागतिक स्पर्धांमध्ये आज याच घराण्याच्या रायफली सर्वाधिक दिसतात.

१७/
बायथलॉनच्या नियमांत स्वयंचलित वा अर्धस्वयंचलित बंदूक चालत नाही. प्रत्येक गोळीनंतर नवे काडतूस हातानेच चढवावे लागते. जुन्या बोल्टमध्ये यासाठी चार हालचाली लागत : मूठ वर उचला, मागे ओढा, पुढे ढकला, खाली दाबा. दरवेळी हात दस्त्यावरून सुटायचा, नेम ढळायचा. सोव्हिएत संघातील इझेव्हस्कच्या कारखान्याने यावर गुडघ्यासारख्या सांध्याने दुमडणारी यंत्रणा काढली. बव्हेरियातील बंदूककार पीटर फोर्टनर यांनी १९८० च्या दशकात सरळ रेषेत सरकणारा बोल्ट घडवला, ज्याला पोलादी गोळ्यांचे कुलूप असते.

१८/
फोर्टनर यांच्या रचनेत तर्जनीने बोल्ट मागे खेचायचा आणि अंगठ्याने पुढे सारायचा. हाताची मूठ दस्त्यावर तशीच राहते, गाल रायफलीवरून हलत नाही, डोळा नेमावरून सुटत नाही. आन्शुट्झच्या १८२७ या क्रमांकाच्या रायफलीत हा बोल्ट बसला आणि बायथलॉनची लय पालटली. आज उत्तम खेळाडू पट्ट्यावर पाच गोळ्या साधारण अर्ध्या मिनिटात संपवतो. त्याच दशकात स्कीवर ‘स्केटिंग’ पद्धत आल्याने धावण्याचा वेगही वाढला होता. दोन्हीकडून घड्याळ आवळले गेले.

१९/
आजच्या रायफलीची रचना न्याहाळण्यासारखी आहे. काडतुसे आणि मॅगझिन वगळून तिचे वजन किमान ३.५ किलो हवे. चाप किमान ५०० ग्रॅम दाबाने सुटावा. मॅगझिनमध्ये पाच काडतुसे, आणि मॅगझिने दस्त्याच्याच खाचांत बसवलेली. नळीच्या टोकाला आणि नेमाच्या छिद्राला बर्फ जाऊ नये म्हणून उघडझाप करणारी झाकणे. पाठीवर नेण्यासाठी दप्तरासारखे दोन पट्टे. पालथे पडल्यावर दंडाच्या कड्यात अडकवायचा आणखी एक पट्टा. दुर्बीण लावण्यास मनाई. नेम धरायचा तो बारीक छिद्रातून, समोरच्या कड्यात लक्ष्याचे वर्तुळ मधोमध बसवून.

२०/
मराठी वाचकाला हे काडतूस परके नाही. २०१० मध्ये म्युनिकला कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात जगज्जेतेपद मिळवले. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक पटकावले. काडतूस तेच, अंतरही तेच. मात्र त्या खेळातील रायफल ८ किलोपर्यंत जड असू शकते, अंगात जाड ताठ जाकीट असते, आणि लक्ष्यावरचे दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटरचे असते.

२१/
म्हणजे एकाच काडतुसाभोवती दोन निराळ्या विद्या घडल्या. एकीत श्वास, नाडी, स्नायू सारे शांतवून केसाएवढे अंतर साधायचे. दुसरीत हृदय मिनिटाला १७०-१८० ठोके मारत असताना पट्ट्यावर यायचे, पाठीवरची रायफल उतरवायची आणि धाप लागलेल्या छातीवर ती टेकवायची. बायथलॉनचा खेळाडू शरीर पूर्ण शांत होण्याची वाट पाहू शकत नाही, कारण थांबलेला प्रत्येक क्षण घड्याळात मोजला जातो. त्याला दोन श्वासांच्या मधली फट शोधावी लागते.

२२/
छोट्या गोळीने नव्या अडचणीही आणल्या. २.६ ग्रॅमच्या गोळीला वारा सहज ढकलतो. म्हणून पट्ट्यावर निशाणे रोवलेली असतात आणि खेळाडू नेमाच्या चकत्या एकेक खटका फिरवून वाऱ्याशी जुळवून घेतो. थंडीत काडतुसाची वागणूक बदलते. एका नळीला मानवणारी काडतुसे दुसरीला मानवतीलच असे नसते, त्यामुळे संघ गोठवणाऱ्या तापमानात निरनिराळ्या घाण्यांची काडतुसे प्रत्यक्ष त्या-त्या रायफलीतून झाडून पाहतात. ताकद कमी झाली, तशी काळजी वाढली.

२३/
या साऱ्याचे सर्वांत मोठे फळ १९८४ मध्ये दिसले. महिलांची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा त्या वर्षी शामोनीला झाली. १९२४ मध्ये ज्या खोऱ्यात अधिकारी, हवालदार आणि शिपाई रायफली घेऊन धावले होते, तिथेच बरोबर ६० वर्षांनी स्त्रिया त्याच खेळाच्या जगज्जेत्या ठरत होत्या. १९९२ च्या आल्बर्टव्हिल ऑलिम्पिकमध्ये त्यांच्या शर्यतींना स्थान मिळाले. मोठी रायफल स्त्रियांना पेलली नसती असा याचा अर्थ नाही. युद्धांत तीही त्यांनी पेललेली आहे. फरक होता तो दाराचा. बायथलॉन जोवर छावणीतून शिकायचा खेळ होता, तोवर छावणीबाहेरच्यांना त्यात प्रवेश जवळजवळ नव्हता.

२४/
छावणीच्या खुणा मात्र अजून पुसलेल्या नाहीत. रायफल खेळाडूने स्वतःच वाहायची, दुसऱ्या कोणी नाही. धावताना नळी रिकामी हवी, भरलेले मॅगझिन फक्त पट्ट्यावरच चढवता येते. रिलेमध्ये पाच वर्तुळांसाठी तीन जादा काडतुसे मिळतात आणि ती एकेक करून बोटांनी भरावी लागतात. गारठलेल्या हातांची ती कसोटी जुन्या पहारेकऱ्यालाही ओळखीची वाटली असती. तरीही वर्तुळ काळेच राहिले, तर १५० मीटरचा दंडाचा फेरा. सुरक्षेचा नियम मोडला, तर शर्यतीतून बाद.

२५/
शस्त्रांचा इतिहास सहसा वाढत्या ताकदीचा इतिहास म्हणून सांगितला जातो : लांबचा पल्ला, जास्त वेग, अधिक संहार. बायथलॉनच्या रायफलीचा प्रवास याच्या नेमका उलट दिशेने झाला. २५० मीटरवरून १५० वर, १५० वरून ५० वर, मोठ्या काडतुसावरून छोट्यावर. प्रत्येक पायरीवर बंदूक थोडी दुबळी होत गेली आणि प्रत्येक पायरीवर मैदानात थोडी अधिक माणसे येऊ शकली.

२६/
पुढच्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये बायथलॉनची शर्यत दिसली, तर खेळाडू पट्ट्यावर पोहोचतो तो क्षण पाहावा. पाठीवरून उतरणाऱ्या त्या रायफलीत १७६७ च्या सरहद्दीवरचा पहारेकरी आहे, १९२४ ची गस्त आहे, आणि १९७८ चा तो निर्णयही आहे, ज्याने एका हत्याराची धार कमी करून त्याला खेळाचे साधन केले. मग पाच काळी वर्तुळे एकामागून एक पांढरी होतात, गॅलरीतून आरोळी उठते, आणि बंदूक पुन्हा पाठीवर जाते, रिकामी.